शेवटच्या खोलीचा न्याय

जगांत जें दुःख दिसतें त्याचे दोन वर्ग करण्याची मनुष्याला फार जुनी संवय आहे. कांहीं दुःखें दैवानें येतात आणि कांहीं माणसें एकमेकांना देतात. पहिल्या वर्गांतील दुःखाबद्दल आपण हळहळतों, दुसऱ्या वर्गांतील दुःखाबद्दल जाब विचारतों. भूकंपाला कोणी न्यायासनापुढें उभें करीत नाहीं, चोराला करतात. हा भेद वरवर पाहतां इतका उघड आहे कीं, त्याची चर्चा करण्याचें कारणच नाहीं असें वाटावें. परंतु या दोन वर्गांच्या सीमेवर एक मोठा प्रदेश पडला आहे. तेथील दुःख कोणी मुद्दाम दिलेलें नसतें, आणि तरीही तें टाळतां येण्यासारखें असतें. त्याला दुर्दैव म्हणावें कीं अन्याय? हा प्रश्न मोठमोठ्या राज्यांच्या इतिहासांतून मांडतां येईल. पण मला तो एका अगदीं क्षुद्र वस्तूच्या साहाय्यानें मांडावयाचा आहे. ती वस्तु म्हणजे इंग्लंडांतील एखाद्या घराच्या शेवटच्या खोलींत, भिंतीशीं बसविलेला आणि ऐन हिंवाळ्यांत गार पडलेला रेडिएटर.

ज्यांचीं मुलें विलायतेंत स्थायिक झालीं आहेत अशा आपल्याकडील पुष्कळ गृहस्थांनीं ही वस्तु पाहिली असेल. बाकीच्या वाचकांसाठीं तिची रचना थोडक्यांत सांगतों. १९६० च्या सुमारासही बहुतेक इंग्रजी घरें शेगडीवरच ऊब घेत असत. आज त्या शेगडीची जागा बहुतेक ठिकाणीं बॉयलरनें घेतली आहे. बॉयलर पाणी तापवितो, पंप तें घरभर ढकलतो. एका नळानें तापलेलें पाणी खोलीखोलींतील रेडिएटरांत जातें, तेथें आपली उष्णता खोलीला देतें, आणि निवलेलें पाणी दुसऱ्या नळानें बॉयलरकडे परत येतें. रेडिएटरच्या पायाशीं दोन बाजूंना दोन व्हॉल्व्ह असतात. एक घरांतील माणसांनीं हातानें फिरवावयाचा. दुसरा टोपीखालीं झांकलेला असतो व तो फिरविण्यास पाना लागतो. घरांत वर्षानुवर्षें राहूनही ही टोपी कधीं काढून न पाहिलेलीं कुटुंबें पुष्कळ असतील. आपल्या प्रश्नाचें उत्तर बरेंचसें त्या टोपीखालीं आहे.

एक रेडिएटर गार राहिला म्हणजे घरांतील माणसांना दोन उपाय ताबडतोब सुचतात. एक, त्या रेडिएटरला दोष देणें. दुसरा, बॉयलर चढविणें. जाणता कारागीर यांतील कोणताच प्रथम करीत नाहीं. तो हात लावून पाहतो. रेडिएटर खालीं ऊन आणि वर गार असेल, तर आंत हवा कोंडली आहे. वरच्या कोंपऱ्यांतील लहानशा तोंडाला चावी लावून ती सोडून द्यावी, फुसकारा थांबून पाणी येऊं लागलें कीं तोंड बंद करावें, आणि नळांतील दाब उतरला असल्यास तो पुन्हां भरून घ्यावा. वर ऊन आणि तळाशीं गार असेल, तर तेथें लोखंडाच्या गंजाचा काळा गाळ सांचला आहे. तो धुऊन काढावा लागतो. सारा रेडिएटर गार आणि शेजारचे मात्र ऊन असतील, तर हातानें फिरवावयाच्या व्हॉल्व्हमधील बारीक दांडी उन्हाळाभर न हलल्यानें रुतून बसली असेल. हे तिन्ही दोष त्या रेडिएटरचे, निदान त्याच्या ठिकाणीं सांपडणारे आहेत. पण येथेंही एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. तळाचा गाळ त्याचा एकट्याचा नसतो. साऱ्या घरांतील झिजलेलें लोखंड वाहत येऊन जेथें प्रवाह मंद तेथें बसतें. दुबळ्याच्या अंगावर दिसणारा दोष पुष्कळदां असा सर्वांच्या झिजेचा असतो.

चौथा प्रकार मात्र असा आहे कीं, त्यांत कोणाचाच दोष सांपडत नाहीं. हवा नाहीं, गाळ नाहीं, दांडी मोकळी आहे, पंप चालू आहे. तरी शेवटची खोली गार. कारण एवढेंच कीं, पाणी सोपी वाट धरतें. पंपाजवळच्या रेडिएटरांतून जाऊन परत येण्याची वाट आंखूड व अडथळा थोडा. म्हणून पुष्कळसें पाणी तेथूनच माघारी फिरतें. दूरच्या वाटेवर नळाची लांबी व वळणें अधिक. तेथवर फारच थोडें पोंचतें. पाण्याच्या मनांत पक्षपात नाहीं, जवळच्या खोलीनें कांहीं हिसकावून घेतलेलें नाहीं, दूरच्या खोलीनें कांहीं पाप केलेलें नाहीं. नियम सर्वांना एकच आहे, आणि त्या एका नियमानेंच एक खोली उकडते व दुसरी गारठते.

अशा परिणामाला अन्याय म्हणतां येईल काय? फ्रीड्रिख हायेक या अर्थशास्त्रज्ञानें १९७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या जातीच्या प्रश्नाला ठाम नकारार्थी उत्तर दिलें आहे. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, न्याय आणि अन्याय हे शब्द माणसांच्या वर्तनालाच लागतात. जी वांटणी कोणी ठरवून केली नाहीं, जी असंख्य व्यवहारांतून आपोआप उपजली, ती कोणाला सुखाची व कोणाला दुःखाची झाली तरी तिला न्याय्य किंवा अन्याय्य म्हणणें निरर्थक आहे. या युक्तिवादांत तथ्य नाहीं असें नाहीं. प्रत्येक दुःखामागें अपराधी शोधीत फिरण्याच्या संवयीनें जगांत थोडा जुलूम झालेला नाहीं. आणि दूरची खोली गार आहे एवढ्यावरून जवळच्या खोलींत बसलेल्याला चोर ठरविणें हा खरोखरच मूर्खपणा होईल.

तथापि हा विचार जेथें थांबतो तेथून पुढें एक पाऊल टाकावयास हवें. पाण्यानें सोपी वाट धरणें ही सृष्टीची रीत झाली. ती रीत माहीत असून व्हॉल्व्ह तसाच ठेवणें ही माणसाची करणी आहे. ज्यूडिथ श्क्लार या विदुषीनें १९९० सालच्या आपल्या अन्यायविषयक ग्रंथांत या मुद्द्याची विस्तारानें चर्चा केली आहे. दुर्दैव आणि अन्याय यांमधील रेघ निसर्गानें आंखून दिलेली नाहीं. दुःख निवारण्याची शक्ति जसजशी माणसाच्या हातीं येते तसतशी ती रेघ सरकत जाते. आणि निवारण्यास समर्थ असून जो स्वस्थ बसतो तोही अन्यायाचा भागीदार होतो. देवीची सांथ एके काळीं दैवी कोप होती. १७९६ सालीं जेन्नरनें लशीचा प्रयोग केला, आणि पुढें लस हातीं असतां ज्या मुलाला ती कोणी टोंचली नाहीं, त्याच्या मृत्यूचा भार एकट्या दैवावर टाकतां येईना. शेवटच्या खोलीचें असेंच आहे. टोपीखालीं काय आहे हें घरांत कोणालाच ठाऊक नव्हतें तोंपर्यंत तिची थंडी हें दुर्दैव होतें. ज्या दिवशीं तें कळलें त्या दिवसापासून तीच थंडी, तितक्याच अंशांची, अन्याय झाली. आणि टोपी उचलून पाहण्याचाही ज्यानें कंटाळा केला, त्याला अज्ञानाची सबब कितपत सांगतां येईल?

आतां उपायाकडे वळूं. दुःख शेवटच्या खोलींत असतें, पण पाना लावावा लागतो पहिल्या खोलींत. जवळच्या रेडिएटरचा झांकलेला व्हॉल्व्ह बराच आवळावयाचा, त्यापुढचा त्याहून कमी, आणि शेवटचा पुरता मोकळा ठेवावयाचा. म्हणजे सोपी वाट थोडी अवघड होऊन पाणी पुढें सरकतें. दूरच्याला देण्यासाठीं जवळच्याचें आवरावें लागतें, ही गोष्ट कितीही गोड शब्दांत सांगितली तरी ऐकणाऱ्याला कडूच लागते. म्हणून तिला बगल देण्याची एक युक्ति सर्वत्र आढळते. कोणाचेंही कमी न करतां एकंदर पुरवठाच वाढवावा. बॉयलर चढवावा, पंपाचा जोर वाढवावा, शेवटपर्यंत कांहीं ना कांहीं पोंचेलच. पोंचतें हें खरें. पण त्या वाढीचा मोठा वांटा पुन्हां जवळच्याच वाटेनें जातो. पहिल्या खोलींत उकडूं लागतें, तेथील मंडळी खिडकी उघडतात, आणि शेवटच्या खोलीच्या नांवानें जाळलेलें इंधन रस्त्यावरची हवा तापवितें. पहिल्या खोलीचें जें कमी करावयाचें तें बहुधा खिडकीबाहेर जाणारेंच असतें, हें तेथील माणसांनीं शांतपणें पाहिलें तर त्यांचा अर्धा विरोध मावळेल. अर्धा म्हणतों, कारण थोडी झीज खरोखरीचीही असते, आणि ती सोसावी लागेल हें स्पष्ट सांगणेंच प्रामाणिकपणाचें.

याहून सूक्ष्म अशी अडचण निराळीच आहे. घर पुरेसें उबदार झालें कीं नाहीं हें ठरविणारा थर्मोस्टॅट पुष्कळ घरांतून दिवाणखान्यांत किंवा पुढच्या दाराजवळच्या वाटेंत बसविलेला असतो. ती जागा लवकर तापणारी असली कीं, तो तेथील ऊब पाहून बॉयलर बंद करतो. त्याचा निवाडा खोटा नसतो. त्याच्यापुढें आलेला पुरावा खराच असतो. फक्त शेवटच्या खोलीची साक्ष त्याच्यापुढें कधीं येत नाहीं. आणि त्या खोलींत राहतें कोण? पुष्कळदां घरांतील वृद्ध आई, किंवा भाड्यानें राहणारा विद्यार्थी. म्हणजे ज्यांना तक्रार करण्याची भीड वाटते अशीं माणसें. आई शाल पांघरते, विद्यार्थी रजईंत बसून वाचतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं थंडीच्या दिवसांत घरांतील उष्णता १८ अंश सेल्सिअसच्या खालीं जाऊं नये अशी शिफारस केली. थंड खोलींत रक्तदाब वाढतो, श्वासाचे विकार बळावतात, आणि म्हाताऱ्या माणसांना त्याचा धोका अधिक. तेव्हां येथें प्रश्न केवळ सुखसोयीचा नाहीं. ज्याला निवाडा करावयाचा आहे त्यानें दिवाणखान्यांतून उठून शेवटच्या खोलींत जाऊन बसलें पाहिजे.

आपल्या वाचकांना हा प्रश्न परका वाटूं नये. कालव्याच्या मुखाशीं ऊस आणि टोंकाशीं कोरडी जमीन हें दृश्य महाराष्ट्रांत नवें नाहीं. तेथेंही पाणी सोपीच वाट धरतें. पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांच्या कांठीं शेंकडों वर्षें चालत आलेल्या फड पद्धतींत पाणी फिरविण्यासाठीं गांवानें माणसें नेमलेलीं असत. ज्याच्या शेतांत पाणी आधीं येतें त्याच्या सदिच्छेवर शेवटच्या शेताचें नशीब सोंपवूं नये, एवढें शहाणपण त्या गांवकऱ्यांना कोणत्याही ग्रंथावांचून आलें होतें.

शेवटीं एक सावधगिरी. शेवटच्या खोलीची बाजू घेणारे कधींकधीं पाना हातांत येतांच पहिली खोली गारठवून टाकतात आणि त्यालाच समता म्हणतात. सर्वांना सारखेंच पाणी देणें हा कारागिराचा हेतु नसतो. मोठ्या खोलीला अधिक लागतें, स्वयंपाकघराला कमी. तो आंत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या पाण्याच्या उष्णतेंतील अंतर मोजतो, आणि जुन्या पद्धतीच्या बॉयलरवर तें प्रत्येक रेडिएटरपाशीं सुमारें ११ अंश राहील असें पाहतो. ॲरिस्टॉटलनें वांटणीचा न्याय प्रमाणांत असतो असें म्हटलें, तें येथें शब्दशः खरें ठरतें. शिवाय एक व्हॉल्व्ह फिरविला कीं बाकी सर्वांचें पाणी थोडेंथोडें बदलतें. म्हणून पाव फेरा द्यावा, पाणी स्थिरावेपर्यंत थांबावें, पुन्हां साऱ्या खोल्यांतून हात लावून फिरावें. या कामांत शौर्य नाहीं आणि तें एका दिवसांत उरकतही नाहीं. पण घर एक आहे असें ज्याला म्हणावयाचें आहे त्याला तें करावेंच लागतें. कारण शेवटची खोली गार असतांना घरांत ऊब आहे हें म्हणणें पहिल्या खोलीपुरतेंच खरें असतें.