पात्र आणि घाट

मासा ठेवण्यासाठी नेहमीच्या काचपेटीऐवजी एखादे वेगळे, लहानसे भांडे निवडावे, ही इच्छा वरवर निरुपद्रवी वाटते. वाण्याच्या दुकानातली गोळ्यांची बरणी, कंदिलाची काच, माळ्यावर पडून राहिलेले घंगाळ. जुन्या वस्तूला नवा अर्थ देण्याचा आनंद या निवडीत असतो आणि तो क्षुद्र मानण्याचे कारण नाही. कलावंतही घाटाचा असाच शोध घेत असतो. परंतु आशय घाटात गुदमरतो असे समीक्षक म्हणतात, ते लक्षणेने. मासा खरोखरच गुदमरतो.

घंगाळाचेच पाहावे. तांब्याच्या भांड्यातले पाणी आरोग्यदायी, ही श्रद्धा घरोघरी रुजलेली आहे. त्याच तांब्याचा पाण्यात उतरणारा अंश माशांना विषारी ठरतो. कोळंबीला आणि गोगलगायींना तर अधिकच. निमुळत्या गळ्याच्या बरणीत पाणी पुष्कळ मावते, पण हवेतला प्राणवायू त्यात विरघळतो तो पृष्ठभागावरून, आणि काठोकाठ भरलेल्या बरणीचा पृष्ठभाग बशीएवढाच उरतो. माशाच्या उत्सर्गातला अमोनिया निवविणारे जीवाणू तेथे वसायला काही आठवडे लागतात. पाणी जितके थोडे, तितके ते लवकर बिघडते. लहान भांडे सांभाळायला सोपे, ही समजूतच उलटी आहे. इटलीतील मोंझा शहराने २००४ साली गोल काचपात्रांत मासे ठेवण्यास बंदी केली. ती हास्यास्पद ठरविणे सोपे आहे; तिच्यामागचा प्रश्न टाळणे तितके सोपे नाही.

बाजारात ‘फायटर’ म्हणून विकला जाणारा सयामी लढाऊ मासा पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेतो, म्हणून त्याला पेलाभर पाणी पुरे, असा युक्तिवाद केला जातो. तग धरणे आणि जगणे यांतला भेद त्यात पुसला जातो. ज्या भातखाचरांतून हा मासा आला ती उथळ असतात, पण पेल्याएवढी नसतात.

शतपथ ब्राह्मणातली मनूची कथा प्रलयाची म्हणून सांगितली जाते. तिचा पूर्वार्ध मात्र भांड्यांचा आहे. सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत चिमुकला मासा येतो. लहानपणी मोठे मासे आम्हाला गिळतात, तेव्हा आधी मला कुंभात ठेव, त्यात मावेनासा झालो की खड्डा खणून त्यात ठेव आणि शेवटी समुद्रात सोड, असे तो सांगतो. या कथेत पात्र कोणते हे मासा ठरवितो. मनू ते पुरवितो. मराठीत भांडेही पात्र आणि नदीचा प्रवाह ज्यातून वाहतो तेही पात्र, हा योगायोग येथे सहज आठवतो.

मेजावरच्या बरणीपाशी हा क्रम उलटतो, कारण तेथे निवडणारा मालक असतो. मालकीचाच प्रश्न, अर्थात फार मोठ्या संदर्भात, म्हैसूरजवळच्या येलवाल गावी २१ व २२ सप्टेंबर १९५७ रोजी भरलेल्या ग्रामदान परिषदेपुढे होता. विनोबांच्या सान्निध्यात तेथे पंडित नेहरू, जयप्रकाश नारायण, नंबुद्रिपाद अशी भिन्न मतांची माणसे एकत्र बसली. हवा, पाणी आणि सूर्यप्रकाश यांच्याप्रमाणे जमीनही कोणा एकाची असू शकत नाही, ही विनोबांची भूमिका. ग्रामदानाचे पुढे काय झाले हा स्वतंत्र विषय. भूमिहीन माणूस आणि बरणीतला मासा यांना एका पंक्तीत बसविणे तर अशोभनीयच ठरेल. लक्षात घ्यायचे ते इतकेच की, पाणी कोणाच्या मालकीचे नाही हे विनोबांना सिद्ध करावे लागत नव्हते. ते गृहीत धरूनच जमिनीविषयी बोलता येत होते. काचेत कोंडलेले पाणी मात्र सहज मालकीचे होते, आणि पाण्याबरोबर त्यातला जीवही.

मग वेगळे भांडे निवडूच नये काय? निवडावे. चिमुकल्या बरणीत नुसत्या पाणवनस्पती वाढवाव्यात. मासा नसला तरी ते पाणी निर्जीव नसते. मासाच हवा असेल तर अंगणातली काळ्या पाषाणाची, रुंद तोंडाची, भरपूर पाणी मावणारी डोणी पुष्कळ बरी, मात्र तिच्यात तो फक्त वरून दिसतो आणि पानांखाली गेला की दिसतही नाही. येणारा पाहुणा वाकून पाहतो आणि बहुधा मासा कोठे आहे, असेच विचारतो.