दुसरं रीडिंग

आमच्याकडे ‘कॅम्प’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक पत्त्यातला: उल्हासनगर कॅम्प ४, बरॅक नंबर अमुक, विठ्ठलवाडी स्टेशनला उतरून रिक्षा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी उभारलेली ही छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत आसरा मिळाला, १९४९ साली वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं, मागून महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसं कामासाठी येत राहिली आणि तात्पुरतं होतं ते कायमचं झालं. दुसरा अर्थ फ्लेक्सवरचा: ‘मोफत आरोग्य शिबिर’. त्यालाही सगळे कॅम्पच म्हणतात. हा कॅम्प सकाळी दहाला येतो आणि दोनला जातो.

मी इंटर्न होतो त्या वर्षी आमच्या कॉलेजचा असा एक कॅम्प माझ्याच घराजवळ, लालचक्कीकडच्या एका हॉलमध्ये होता. मी तिथलाच म्हणून बीपीचं टेबल माझ्याकडे. रांगेत पन्नाशीच्या एक बाई होत्या. जीन्सच्या कारखान्यांतून गठ्ठे घरी येतात, शिवून झालेल्या पँटचे सुटे धागे कापायचे आणि नगावर पैसे घ्यायचे, हे त्यांचं काम. मी बीपी मोजला: १७०/१०४.

“मावशी, बीपी बराच वाढलाय. गोळी सुरू करावी लागेल.”

पाच गोळ्या पुडीत बांधून दिल्या. कागदावर ‘सरकारी दवाखान्यात दाखवावे’ असं लिहिलं.

“परत कधी येणार, डॉक्टरसाहेब?”

“येऊ की,” मी म्हणालो. मागे रांग होती. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आले, खाली आकडा: ४१२ लाभार्थी. मला अभिमानच वाटला.

चार महिन्यांनी त्या भाजीच्या गाडीपाशी भेटल्या. त्यांनीच ओळखलं. “तू तो कॅम्पातला डॉक्टर ना? इथलाच की रे तू!” साहेब गळून पडला होता. मी गोळ्यांचं विचारलं. पाच गोळ्या त्यांनी एक दिवसाआड घेऊन दहा दिवस पुरवल्या होत्या. दवाखान्यात गेल्या नव्हत्या. एक दिवस काम बुडालं की गठ्ठा दुसऱ्या घरी जातो, आणि तो परत आपल्याकडे येईलच असं नाही. “म्हटलं, कॅम्प येईलच परत. तू म्हणाला होतास ना, बाळा.”

आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्या चार महिन्यांत मी रोज त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर झोपत होतो.

अशा कॅम्पांवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप म्हणजे विद्यार्थी गरिबांवर हात साफ करून घेतात. मला तो अर्धाच खरा वाटतो. कुणाच्या तरी अंगावर शिकल्याशिवाय कुणीच डॉक्टर झालेलं नाही. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असं कांट सांगतो. त्यात ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मावशींनी मला हात दिला, मी त्यावर पट्टा गुंडाळून शिकलो, यात पाप नाही. प्रश्न पुढचा आहे. एखाद्याला त्याचा आजार सांगितला की सांगणाऱ्यावर काही बांधिलकी येते का?

मला वाटतं, येते. कॅम्पच्या आधी मावशी जगत होत्या ते ठाऊक नसलेल्या आजारासोबत. कॅम्पनंतर त्या जगू लागल्या ठाऊक असलेल्या आजारासोबत, आणि ते ओझं मी दिलेलं होतं. वैद्यकशास्त्राला ही गोष्ट नवीन नाही. विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी सामूहिक तपासणीचे निकष मांडले. त्यात तपासणीनंतरच्या निदानाची आणि उपचाराची सोय उपलब्ध असावी, हा एक निकष आहे. तसंच, रुग्ण शोधणं ही अखंड चालणारी प्रक्रिया असावी, एकदा करून संपवायचं काम नव्हे, असंही आहे. परीक्षेत हे मी लिहिलं होतं. मार्कही मिळाले होते.

“काहीच नसण्यापेक्षा हे बरं नाही का?” असं माझा मित्र विचारतो. तो मन लावून काम करणारा डॉक्टर आहे, त्यामुळे प्रश्न उडवून लावता येत नाही. चारशे जणांत एखादा असा सापडतो, ज्याचा जीव त्या दिवशीच्या तपासणीने वाचतो. हे मला मान्य आहे. पण बीपीच्या बाबतीत हा युक्तिवाद आमच्याच शास्त्रावर अडतो. एरवी एका दिवसाच्या एका आकड्यावरून उच्च रक्तदाबाचं निदान करत नाहीत. वेगळ्या दिवशी पुन्हा मोजायचं असतं. म्हणजे परत जाणं हा निदानाचाच भाग आहे. तो वगळला तर मी केलं ते अर्धं वैद्यक नव्हतं. तो फक्त एक आकडा होता. शिवाय त्या आकड्याने मावशींना एक खोटा दिलासाही दिला, की आपली सोय कुणीतरी लावतंय.

मग प्रत्येक विद्यार्थ्याने तिथेच राहायचं का? डॉ. अभय आणि राणी बंग गडचिरोलीत राहिले. दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी करून त्यांनी १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलं, की ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग आहे. तो आकडा जगाला देऊन ते निघून गेले नाहीत. पण बावीस वर्षांच्या प्रत्येक मुलीकडून किंवा मुलाकडून तेवढं मागणं हा नैतिक उपदेश झाला, आणि उपदेश कुणाचा बीपी उतरवत नाही.

त्याच बंगांच्या कामात मला दुसरी वाट दिसते. नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं. डॉक्टर नसताना जी तिथे असेल, तिच्या हाती ज्ञान दिलं. १९९९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा त्या गावांत नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाले होते. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून हेच केलं. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात, १९६९ साली सुरू झालेल्या, प्रत्येक बॅच एक गाव घेते आणि विद्यार्थी त्याच घरांत पुन्हा पुन्हा जातात. २०२२ पासून देशभरच्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात ‘कुटुंब दत्तक’ योजना आली, तिचा गाभाही परत जाणं हाच आहे. फक्त ‘दत्तक’ या शब्दापाशी मी अडखळतो. दत्तक घेणारा घर देतो, नाव देतो. इथे विद्यार्थी लॉगबुक भरतो आणि दार उघडून त्याला चहा देतं ते कुटुंब. दत्तक कुणी कुणाला घेतलं?

त्या वर्षाच्या शेवटी गल्लीतल्या मंडळाने पुन्हा कॅम्पसाठी विचारलं. मी अट घातली: तीन रविवार, तीच माणसं, आणि टेबलावर माझ्या शेजारी वस्तीतली आशाताई हवी. यादी तिच्याकडे राहील. मंडळाच्या अध्यक्षांचा चेहरा पडला. “मग फार तर साठ जण होतील. फ्लेक्सवर काय लिहायचं?”

साठच झाले. म्हणजे साडेतीनशे माणसं, जी एरवी रांगेत उभी राहिली असती, ती मी पाहिली नाहीत. त्यांत कुणी असा असेल ज्याला त्या दिवशी आकडा कळायला हवा होता. हा हिशेब माझ्याकडून सुटत नाही, आणि सुटला असं मी म्हणणारही नाही.

मावशी तिन्ही रविवारी आल्या. दुसरं रीडिंग १६४/१००. आशाताईंनी त्यांना कामाचा गठ्ठा पोचवून झाल्यावरची वेळ साधून पालिकेच्या आरोग्य केंद्रात नेलं, गोळ्या तिथून सुरू झाल्या. मधे दोन महिने बंदही पडल्या होत्या. ते मला कळलं, कारण यादी आशाताईंकडे होती आणि त्यांनी फोन केला.