परमिट रूममधला राजा

रिक्षात बसल्या बसल्या मी एक तारा दिला आणि खाली सहा ओळी लिहिल्या. वेटर उद्धट आहे. बाटली टेबलावर आपटतो. लवकर आण म्हटलं तर ‘दोनच हात आहेत साहेब’ असं ऐकवतो. असल्या माणसांना कामावर ठेवतातच कसे? रिव्ह्यू टाकला, मोबाइल खिशात ठेवला आणि घर येईपर्यंत मला फार बरं वाटत होतं.

ठिकाण सातपूर एमआयडीसीतलं. पुण्यातले मित्र अशा जागेला पब म्हणतील, पण आमच्याकडे पाटीवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं आणि सातपूरला तोच शब्द शोभतो. जनरल शिफ्ट सुटली की कंपनीच्या युनिफॉर्ममधली माणसं डब्याच्या पिशवीसकट येऊन बसतात. त्या शुक्रवारी आम्ही तिघं मित्र होतो. बिअर अर्ध्या तासानं आली, तीही कोमट. मसाला पापड मऊ पडलेला. बिलात आम्ही न मागवलेली शेंगदाण्याची प्लेट आणि एक जास्तीची पाण्याची बाटली. एकूण एकशे दहा रुपये फालतूचे. आम्ही ते मुकाट्यानं भरले. तिघंही आयटीतले, शंभर रुपयांसाठी वाद कोण घालणार?

दुसऱ्या दिवशी त्या सहा ओळी पुन्हा वाचल्या तेव्हा लक्षात आलं की त्यात बिलाचा उल्लेखच नाही. कोमट बिअरचाही नाही. सगळा राग त्या पोराच्या चेहऱ्यावर आणि बोलण्यावर. म्हणजे फसवणूक मी पचवली आणि तक्रार केली ती अपमानाची. असं का झालं, हा प्रश्न मग काही दिवस डोक्यातून गेला नाही.

पहिलं उत्तर सोपं होतं: ग्राहक राजा असतो, त्याच्याशी नीट वागायला हवं. बँकेत गेलात तर ग्राहकाची थोरवी सांगणारं एक वचन गांधीजींच्या फोटोखाली लावलेलं दिसतं. गांधीजींच्या लेखनात ते कुठे सापडत नाही, तरी वर्षानुवर्षं ते त्यांच्याच नावावर खपतंय. बारमध्ये तर या राजेपणाची आणखी गंमत आहे. ‘परमिट रूम’ हे नाव आलं ते १९४९च्या मुंबई दारूबंदी अधिनियमातून, ज्याला आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात. या कायद्यानुसार दारू पिणाऱ्याकडे परवाना लागतो: एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन. माझ्याकडे त्यातला एकही नव्हता आणि कुणी विचारलाही नाही. जिथे बसायलाच सरकारची परवानगी लागते, तिथे मी बिनपरवान्याचा राजा होऊन बसलो होतो.

बरं, राजेपण सोडून देऊ. मी पैसे दिले होते हे तर खरं. त्या पैशांत मी नेमकं काय विकत घेतलं होतं?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलाय. हॉटेलात बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दरानं विकता येतं का, यावर डिसेंबर २०१७मध्ये न्यायालयानं ‘येतं’ असा निकाल दिला. कारण असं की माणूस हॉटेलात केवळ बाटली विकत घ्यायला जात नाही. तिथलं बसणं, वातावरण, वाढणं हेही तो घेत असतो. म्हणजे सेवेची किंमत बाटलीच्या दरातच आली. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी ठरवताना सेवा कशा रीतीनं दिली हेही बघता येतं. आणि सेवा शुल्क सक्तीनं बिलात घालू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२मध्ये सांगितलं. मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं.

एवढं वाचून माझी यादी तयार झाली. थंड बिअर, पूर्ण माप, स्वच्छ ग्लास, खरं बिल आणि साधारण वेळेत वाढणं, यावर माझा हक्क आहे. पण ‘साहेबां’साठी धावाधाव, पडलेला आवाज, ओशाळं हसू? ते कुठल्या दरात मोजायचं?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३मध्ये विमानातल्या परिचारिकांच्या कामावर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं निरीक्षण असं की या नोकरीत हात-पाय चालवण्याबरोबर मनालाही कामाला जुंपावं लागतं. आतून काहीही वाटो, हसू टिकवायचं, कारण ते तिकिटाच्या पैशांत धरलेलं असतं. याला त्यांनी भावनिक श्रम म्हटलं. तिथे निदान ते हसू शिकवलं जायचं आणि नोकरीचा भाग म्हणून सांगितलं जायचं. सातपूरच्या बारमध्ये सात टेबलं सांभाळणाऱ्या एका पोराकडून मी ते फुकटात वसूल करायला निघालो होतो.

इथपर्यंतचा विचार मला आवडत होता, कारण त्यात मी फार तर थोडा अविचारी ठरत होतो. पण त्या रात्रीची एक गोष्ट मी मलाच सांगायची टाळत होतो.

शेजारच्या टेबलावर युनिफॉर्ममधले एक काका एकटेच बसले होते. ते आमच्या आधीपासून पाण्यासाठी थांबले होते. त्यांनी दोनदा हाक मारली. त्यांनाही तेच उत्तर मिळालं: ‘दोनच हात आहेत काका.’ ते हसले, उठले, काउंटरवरून स्वतःच जग घेऊन आले आणि येताना त्या पोराच्या पाठीवर थाप मारून गेले. मग पाच मिनिटांनी तेच वाक्य मला ऐकावं लागलं, फक्त ‘काका’च्या जागी ‘साहेब’ घालून. त्या पोरानं मला वाईट वागवलं नव्हतं. सगळ्यांसारखं वागवलं होतं. मला झोंबलं ते हे.

आणि तारे देणं म्हणजे काय असतं हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. माझ्या कामातही तिकीट बंद झालं की क्लायंटला पाच तारे दाखवतात. एकदा सर्व्हर मंद होता, तो निवडला वरच्यांनी, आणि दोन तारे पडले माझ्या नावावर. अप्रेझलला कुणी सर्व्हरची चौकशी केली नाही.

दोन आठवड्यांनी मी पुन्हा तिथे गेलो. मालकानं ओळखलं. रिव्ह्यूवर फोटो माझाच होता. ‘तुमची तक्रार वाचली सर. पोराचे पाचशे कापले,’ तो म्हणाला. त्याला वाटलं, मी खूश होईन. मी बिलाचं विचारलं. ‘ती कम्प्युटरची चूक. आणि धंद्याचं काय सांगू, व्हॅट पाचाचा दहा झाला.’ माझं पोट कम्प्युटरवरच चालतं. शेंगदाणे आपणहून बिलात शिरताना मी अजून पाहिलेले नाहीत.

घरी येऊन पगारकपातीबद्दल वाचलं. १९३६च्या वेतन कायद्यात दंडाला मर्यादा होती: त्या पगाराच्या तीन टक्के, तीही आधी माणसाचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. २०१९च्या वेतन संहितेतही तीन टक्केच आहेत. म्हणजे पाचशे रुपये दंड बसायला महिन्याचा पगार साडेसोळा हजारांच्या वर हवा. नंतर त्या पोराला विचारलं. सुरगाण्याकडचा आहे. अकरा हजार, जेवण आणि माडीवर झोपायला जागा. त्याचं म्हणणं अर्थातच कुणी ऐकलं नव्हतं. ऐकायची सुरुवात मीच करायला हवी होती.

मग तक्रारच करू नये का? मला तसं वाटत नाही. मी एकशे दहा रुपये गिळले, कारण मला ते परवडतात. तेच शेंगदाणे त्या काकांच्या बिलात गेले असतील तर माझ्या ऐटबाज गप्प बसण्याची किंमत त्यांनी भरली. बिलावर भांडणं मला हलकं वाटलं आणि माणसावर लिहिणं हक्काचं. खरं तर उलटं असायला हवं होतं. भांडायचं ते जिथे पैसा जातो त्याच्याशी, समोरासमोर. आणि नीट वागण्याची अपेक्षा ठेवायची तर ती माणूस म्हणून ठेवावी. त्यात मग त्याला पाणी आणायला वेळ लागला तर स्वतः उठणंही आलं.

मी रिव्ह्यू बदलला. पोराबद्दलच्या ओळी काढल्या, बिलाचे आकडे टाकले, सात टेबलांना एकच माणूस ठेवलाय हेही लिहिलं. तारा एकच ठेवला. मालक आता माझ्याशी बोलत नाही.

पुढच्या खेपेला त्या पोराच्या हातात पाचशेची नोट दिली आणि काय झालं होतं ते सांगितलं. रिव्ह्यू मी लिहिला होता हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, नोट खिशात घातली, थँक्यू म्हटलं नाही. ते त्याचेच पैसे होते. मग त्यानं बिअर आणली आणि टेबलावर आपटली, नेहमीसारखी.