गोठ्याचे दारिद्र्य आणि दारावरची रोषणाई

ज्या जन्माचे वर्णन करताना लूकने उतारशाळेत जागा न मिळाल्याचे, नवजात अर्भकाला गव्हाणीत निजविल्याचे आणि ती वार्ता सर्वांआधी रात्रीची राखण करणाऱ्या मेंढपाळांना कळल्याचे सांगितले, त्या जन्माच्या स्मरणार्थ वसईच्या गावागावांतून आणि गोव्याच्या वाड्यावाड्यांतून डिसेंबरात दिव्यांची जी आरास मांडली जाते, ती त्या मूळ दारिद्र्याशी सुसंगत आहे काय? हा प्रश्न केवळ खर्चाच्या नावाने कुरकुरणाऱ्या गृहस्थाचा नव्हे. धर्मचिंतकांनाही तो शतकानुशतके छळत आला आहे.

नकाराची बाजू कठोरपणे मांडणारे लोक होऊन गेले. मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील प्युरिटन कारभाऱ्यांनी १६५९ साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड फर्मावला आणि तो कायदा १६८१ पर्यंत कायम राहिला. शुभवर्तमानांत या जन्माची तिथी सांगितलेली नाही, हा त्यांचा आक्षेप खराच होता. परंतु दंडाच्या धाकाने उत्सव बंद पडतो, अंतःकरण शुद्ध होत नाही, एवढे व्यवहारज्ञान त्या सज्जनांना असावयास हवे होते. याहून सखोल उत्तर त्यांच्या नऊशे वर्षे आधीच दिले गेले होते. बायझंटाइन सम्राट लिओ याने प्रतिमापूजेवर मनाई केली, तेव्हा त्याच्या हुकमतीबाहेर, उमय्या खलिफांच्या राज्यात सुखरूप राहून दमास्कसच्या संत योहानाने असा युक्तिवाद केला, की परमेश्वराने स्वतः देह धारण केल्यानंतर जडद्रव्य तुच्छ मानण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. हा युक्तिवाद मला निर्णायक वाटतो. लाकूड, रंग, मेण ही भक्तीची साधने होऊ शकत असतील, तर तांब्याची तार आणि काचेचा गोळा यांनीच काय पाप केले?

मात्र साधन होऊ शकणे वेगळे आणि साधन होणे वेगळे. १२२३ साली ग्रेच्चो येथे असिसीच्या संत फ्रान्सिसने गवत, बैल आणि गाढव आणवून बेथलेहेमचा देखावा उभा केला, तो लोकांना त्या रात्रीची गैरसोय डोळ्यांनी दिसावी म्हणून. आपल्याकडच्या घरगुती गोठ्यात हा हेतू अद्याप जिवंत आहे. काही दिवस आधी उथळ भांड्यात गहू किंवा नाचणी पेरतात, कोंब बोटभर उंच झाले की त्यांचे शेत करून गोठ्यापुढे मांडतात. मरिया, योसेफ आणि जनावरे आपापल्या जागी बसतात, पण गव्हाण रिकामीच असते. बाळाची मूर्ती २४ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत तीत ठेवायची नाही, असा दस्तुर आहे. सगळी सजावट त्या रिकाम्या वीतभर जागेकडे पाहत थांबलेली असते आणि माझ्या मते नाताळच्या सजावटीचे सारे तत्त्वज्ञान या थांबण्यातच आहे.

विजेच्या माळांचा जन्म इतका निःस्वार्थ नाही. एडिसनचा भागीदार एडवर्ड जॉन्सन याने १८८२ साली न्यूयॉर्कमधील आपल्या घरी तांबड्या, पांढऱ्या आणि निळ्या ऐंशी दिव्यांचे झाड उजळून ते फिरते ठेवले. ती भक्ती असेलही, पण विजेच्या धंद्याची जाहिरात होती हे निश्चित. त्या झाडाचा वंश आज मुंबईच्या लोहार चाळीत गुंडाळ्यांनी विकला जातो आणि ग्राहक भाव करताना किती लांब, किती रंग, किती तऱ्हांनी लुकलुकणार, एवढेच विचारतो. दिवा कोणासाठी, हे विचारायचे राहून जाते. आयर्लंडात नाताळच्या पूर्वरात्री खिडकीत मेणबत्ती लावण्याची चाल आहे. आसरा शोधत निघालेल्या मरिया-योसेफांना या घरी जागा आहे हे कळावे, असा तिचा अर्थ. तो दिवा घराला शोभवण्यासाठी नव्हे, वाटसरूसाठी असतो. रोषणाईची पारख करण्यास याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही. जी रोषणाई घरमालकाच्या ऐपतीचा डंका पिटते, ती कितीही सुंदर असली तरी उतारशाळेच्या मालकाच्या पक्षाची आहे.

म्हणून बाजारात जाणाऱ्यास माझी विनंती अशी, की लुकलुकणाऱ्या माळा घ्यायच्याच असतील तर त्या आतल्या झाडावर गुंडाळाव्यात. बाहेर कामट्यांचा, कागद चिकटवलेला एकच तारा टांगावा, त्यात पिवळसर, स्थिर दिवा असावा, त्याच्या उजेडात दारातली पायरी नीट दिसावी, आणि मध्यरात्रीच्या मिस्सेहून आळीतला शेवटचा माणूस घरी परतेपर्यंत तो मालवू नये.