पुसलेल्या फितींची साक्ष

न्यायदर्शन स्मृतीला प्रमाण मानत नाही, कारण ती पूर्वीच्या अनुभवाच्या जिवावर उभी असते. ऑस्ट्रेलियातल्या जुन्या फुटबॉल आणि रग्बी प्रक्षेपणांच्या आठवणींना हा निकष लावून पाहावा. तिथे 1956 मध्ये टीव्ही आला. फिती महाग, म्हणून त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. कितीतरी सामने आज फक्त प्रेक्षकांच्या मनात उरले आहेत. हजारो लोक एकच प्रसंग सांगतात, म्हणून तो तसाच घडला असं ठरत नाही. सर्वांनी दिग्दर्शकाने निवडलेलं एकच दृश्य पाहिलेलं असतं; साक्षीदार हजार, साक्ष एक.

मग या आठवणी टाकाऊ का? ऑस्ट्रेलियन फुटबॉलची 1977 ची अंतिम लढत घ्या, मेलबर्नमध्ये टीव्हीवर थेट दिसलेली पहिली. नॉर्थ मेलबर्नचे 9 गोल, 22 बिहाइंड; कॉलिंगवूडचे 10 आणि 16. गोलाला 6 गुण, बिहाइंडला 1, म्हणजे दोघांचे 76. एवढं गुणफलकही सांगतो, आणि बिनचूक सांगतो. पण त्या बरोबरीने घराघरांत काय झालं, हे गुणफलकाला ठाऊक नाही. न्यायदर्शनाचे नैयायिकच म्हणतात की संस्काराशिवाय, म्हणजे अनुभवाने मनावर उमटवलेल्या ठशाशिवाय, स्मृती होत नाही. म्हणजे आठवणीवरून संस्काराचं अनुमान करता येतं, आणि अनुमान तर प्रमाण आहे. सिडनीतल्या 1967 च्या रग्बी लीग अंतिम सामन्याचे तपशील कुणी चुकीचे सांगेल. त्या सामन्याने त्याच्यावर उमटवलेला ठसा मात्र त्या चुकीतूनही सिद्ध होतो.