संत योहान बाप्तिस्ताचा जन्मोत्सव (२४ जून)



संतांचे सण आपण बहुधा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी पाळतो. ते या जगातून गेले तोच त्यांचा स्वर्गातला जन्मदिवस, असे ख्रिस्तसभा मानते. पृथ्वीवरचा जन्म मात्र ती तिघांचाच साजरा करते : प्रभू येशूचा २५ डिसेंबरला, पवित्र मरियेचा ८ सप्टेंबरला आणि संत योहान बाप्तिस्ताचा २४ जूनला. मरियेच्या सणाची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही. अंधेरी-बोरिवलीहून लोक वांद्र्याच्या माउंट मेरीला जातातच. योहानाचा सण मात्र पावसात वाहून जातो. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या, रिक्षा मिळत नाही. संध्याकाळच्या मिस्साला पुढची चार बाकडी भरली तरी पुष्कळ.

ही तारीख कुठून आली? देवदूत मरियेकडे आला तेव्हा अलिशिबेला सहावा महिना होता, असे संत लूक सांगतो. म्हणून नाताळच्या सहा महिने आधी योहानाचा जन्म. याच सुमारास, २१ जूननंतर, दिवस लहान होऊ लागतो आणि नाताळच्या आसपास तो पुन्हा वाढायला लागतो. (आपल्याकडे जूनमध्ये सूर्यच दिसत नाही, म्हणून हे ध्यानात येत नाही.) संत ऑगस्टिन यांनी आपल्या प्रवचनात याचा संबंध योहानाच्याच बोलण्याशी जोडला होता. येशूची वाढ व्हावी आणि आपण कमी होत जावे, असे योहान आपल्या शिष्यांना म्हणाला होता.

योहान काही लहान माणूस नव्हता. यरुशलेम आणि सगळ्या यहुदियातून लोक यार्देन नदीवर त्याच्याकडे लोटत होते. एके दिवशी येशू जाताना दिसला. योहानाने आपल्याजवळच्या दोन शिष्यांना तो दाखवला, आणि ते दोघे गुरूला तिथेच सोडून येशूच्या मागे निघाले. एक होता अंद्रेया. दुसऱ्याचे नाव शुभवर्तमानात नाही. परंपरेनुसार तो पुढे शुभवर्तमान लिहिणारा योहान. गुरूने स्वतः बोट दाखवले आणि आपल्या माणसांची पाठ पाहिली. आपल्याला हे जमते का? वीस वर्षे गायनवृंद सांभाळल्यावर एखादा मुलगा गिटार घेऊन आला की आपल्या कपाळावर आठी चढते. सुनेने सोरपोतेलात वेगळा मसाला घातला तरी आपल्याला बरे वाटत नाही!

आपल्या अंधेरीतच एक देऊळ या मार्गाने गेले आहे. कोंडिविट्याला येशूसंघीय धर्मगुरूंनी १५७९ साली संत योहान बाप्तिस्ताच्या नावाने ते बांधले. १८४० च्या सुमारास गावात रोगाची साथ आली, तेव्हा देऊळ सोडून लोक मरोळला गेले. जाताना त्यांनी मूर्ती नेल्या, खांब नेले आणि स्नानसंस्काराचे कुंडही नेले. १९७३ मध्ये सीप्झ उभे राहिले आणि जुनी जागा फाटकाच्या आत गेली. आज मेट्रोने सीप्झला उतरणाऱ्या हजारो नोकरदारांना आत छप्पर नसलेले एक देऊळ आहे याची कल्पनाही नसते. आपल्या लोकांनी परवानगी काढून मे महिन्यात तिथे मिस्सा केलेली आहे.

मरोळचे देऊळ मात्र दुसऱ्या योहानाच्या नावाने आहे, शुभवर्तमानकार संत योहानाच्या. गुरूला सोडून येशूमागे गेला तोच हा शिष्य, आणि कमी होण्याचे गुरूचे बोलणे त्याच्याच शुभवर्तमानात लिहिलेले सापडते. त्याचा सण २७ डिसेंबरला, दिवस वाढू लागतात तेव्हा. ही जुळणी कोणी ठरवून केली असे आम्ही म्हणणार नाही. पण एका योहानाचे छप्पर गेले आणि दुसऱ्याच्या छपराखाली लेकरांचे स्नानसंस्कार होत राहिले, एवढे खरे.

म्हणून पडक्या भिंती पाहून ज्यांचे डोळे भरतात त्यांनी रडू नये, असे आमचे म्हणणे नाही. पूर्वजांचे देऊळ जपले जावे ही मागणी रास्तच आहे. कमी होणे योहानालाही सोपे गेले नाही. हेरोदाच्या तुरुंगात असताना त्याने शिष्यांना येशूकडे पाठवून विचारले, की आपण ज्याची वाट पाहत होतो तो हाच ना? येशू त्याच्यावर रागावला नाही. आंधळे पाहतात, लंगडे चालतात, हे त्याला जाऊन सांगा, असा निरोप त्याने दिला आणि लोकांपुढे योहानाची थोरवी गायली. योहान काही तुरुंगातून सुटला नाही. त्याच्या मृत्यूचा सण आपण २९ ऑगस्टला पाळतो.

येत्या २४ तारखेला पाऊस असणारच. छत्री घेऊन या, आणि मिस्सापूर्वी देवळातल्या कुंडापाशी क्षणभर थांबा. आपला स्नानसंस्कार कोणत्या तारखेला झाला हे आठवते का पाहा. नसेल आठवत तर घरी आईला विचारा. आई नसेल तर देवळाच्या कार्यालयात नोंदवही आहे.