दोन अपुऱ्या प्रती

जळगावच्या नानांना आणि धुळ्याच्या आप्पांना जुन्या सचित्र प्रवासग्रंथांचा नाद. दोघांकडेही एक पुस्तक होतं, ‘द रॉक-कट टेंपल्स ऑफ इंडिया’. १८६४ साली लंडनला निघालेलं. मजकूर जेम्स फर्ग्युसनचा, लेण्यांचे ७४ फोटो मेजर रॉबर्ट गिलचे. पुस्तकात फोटो छापण्याची तेव्हा सर्रास सोय नव्हती, म्हणून एकेक फोटो पानावर चिकटवलेला. पुढे डिंक सुकला, काही फोटो गळाले, काही दलालांनी सोडवून सुटे विकले. नानांच्या प्रतीत तीन कमी, आप्पांच्या प्रतीत पाच.

प्रत मात्र कुणी कुणाला दाखवली नव्हती. दाखवली की समोरचा डोळा ठेवणार, ही दोघांचीही भीती. ‘हा गेला की पोरं रद्दीच्या भावात काढतील, तेव्हा बघू,’ असं दोघंही मनातल्या मनात म्हणत.

एकदा अजिंठ्यावर प्रबंध लिहिणारी एक मुलगी नानांकडे आली.

“नाना, पुस्तक बघायला मिळेल?”

“ते कपाटाबाहेर निघत नाही, बेटा.”

“मग नसलेल्या फोटोंची तरी यादी द्या.”

जे नाहीच ते सांगायला काय जातं? नानांनी यादी दिली. आप्पांनीही दिली. पुढच्या रविवारी तिने नानांना धुळ्याच्या एसटीत बसवलं आणि आप्पांच्या ओसरीवर दोन्ही याद्या शेजारी मांडल्या. एकही नाव दोन्ही याद्यांत सामाईक नव्हतं. नानांचे तीन आप्पांच्या कपाटात होते, आप्पांचे पाच नानांच्या.

“नकला काढून घ्या, दोन्ही प्रती पुऱ्या होतील,” ती म्हणाली.

“आणि माझ्या प्रतीची किंमत काय राहील?” नाना म्हणाले. आप्पांनी मान डोलावली. दोघांचं एकमत झालं ते पहिल्यांदाच.

“किंमत राहू द्या, गिलचं काय झालं ते ऐका. १८४४ साली त्याला अजिंठ्याच्या कामावर नेमलं. वर्षानुवर्षं खपून त्याने भिंतींवरच्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला रंगवल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या होत्या. १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या ग्रिफिथ्सच्या हाताखाली तिथल्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही कितीतरी १८८५ च्या आगीत गेल्या. गिल आपल्या भुसावळला मातीत विसावलाय. त्याची चित्रं एका छताखाली होती, ती गेली. फोटो पुस्तकांतून घरोघर पांगले होते, म्हणून तुमच्या कपाटांपर्यंत आले.”

आप्पा जरा वेळाने म्हणाले, “नाना, इतिहाससंशोधक राजवाडे याच गावात वारले. जन्मभर दारोदार हिंडून इतिहासाचे जुने कागद जमवले, पण कुलपात नाही ठेवले. त्यांचे बावीस खंड छापून लोकांच्या हाती दिले.”

नानांनी पिशवीतून पुस्तक काढलं. ते येतानाच आणलं होतं, हे पाहून मुलगी हसली. आप्पांनी कपाट उघडलं. आठ फोटोंच्या नकला निघाल्या, दोन्ही प्रती पुऱ्या झाल्या, आणि सगळ्या ७४ फोटोंच्या नकलांचा तिसरा संच मुलीच्या हाती पडला.

तात्पर्य : कुलूप संग्रहाला चोरापासून वाचवतं, आगीपासून आणि वाळवीपासून नाही. दुर्मिळ वस्तू टिकवायची असेल, तर मूळ जपावं आणि नकला मोकळ्या हाताने वाटाव्यात.